चिंचोके

नवी पेठ. झेरॉक्सच्या दुकानावर अभ्यासिका.
महिना नऊशे, पंखा धरून.
जागा क्रमांक एकेचाळीस. खिडकीची मागितली होती.
धुमाळकाका म्हणाले, "बघायचंय ते इथंच बघ,"
आणि भिंत दाखवली.

पहिल्या दिवशी सहाला बसले ती दहाला उठले.
वहीत अडीच पानं,
त्यातही समासात आईच्या गुडघ्याच्या
ऑपरेशनचा हिशेब.

बेचाळीसवर इरफाना तांबोळी, बार्शीची.
जिन्यात चहा फुंकता फुंकता
तिनं मूठभर चिंचोके माझ्या ओंजळीत ओतले.
"मन पुस्तकातून उठलं
की एक उजव्या खिशातून डाव्या खिशात.
चिडायचं नाही. मोजायचं फक्त.
संध्याकाळी शेरडं मोजतात ना, तसं."

त्या सकाळी त्रेचाळीस.
एक, मागच्या वेळी हुकलेले दोन मार्क.
एक, खालच्या टपरीवरची पोह्यांची फोडणी.
एक, चुलतबहिणीचं ठरलंय, "तुझं काय?"
सात नुसते मोबाईलचे. तो काकांच्या पत्र्याच्या डब्यात
बंद पडलेला, आणि माझी मांडी थरथरतेय.
आणि एक, मी किती छान मोजतेय याचा.
तोही टाकला डाव्या खिशात.

रात्री मेसवरून निघून म्हात्रे पुलावर जायचो.
खाली मुठेत टाचभर पाणी.
इरफाना विचारायची, "बत्तीस?"
मी कलम सांगायचे.
अडलं, की मागच्या दिव्याच्या खांबापर्यंत
परत चालत जायचं, आणि तिथून पुन्हा.
काही रात्री पूल संपायचाच नाही.
भाजीच्या हातगाड्या आम्हाला ओलांडून घरी जायच्या.

त्रेचाळीस. एकतीस. अठरा.
मग एकदम चाळीस; अण्णांचा फोन आला होता.
मग बारा.
मग परीक्षा पुढे ढकलली,
त्या दिवशी मोजलेच नाहीत.
डेक्कनच्या बसथांब्यावर दोन तास बसून राहिले,
एकही बस माझी नव्हती.
दुसऱ्या दिवशी जाग्यावर पुन्हा बसणं,
ते मात्र सगळ्यात अवघड गेलं.
चिंचोके हलवण्याहून, कलमांहून.

मार्गशीर्षात कालिंदीनं, माझ्या खोलीतल्या,
धुण्याआधी माझ्या कुर्त्याचे खिसे झाडले
आणि चिंचोके तव्यावर भाजून, मीठ लावून
निम्मे खाल्ले. "कडक आहेत गं," म्हणाली,
गाल धरून.
मी हसले, मग रडले, मग उरलेले आम्ही दोघींनी संपवले.

सकाळी खिसा रिकामा.
मन उठायचं, हात आत जायचा,
बोटांना शिवणीतला धागा लागायचा.
मग हात बाहेर, पानावर.
किती वेळा, माहीत नाही. कमी असावं.

इरफाना उन्हाळ्यात बार्शीला गेली, दुकान बघायला.
पुस्तकं घेऊन गेलीय.
निकाल दोघींचाही लागायचाय.

बेचाळीसवर आता हिंगोलीचा एक पोरगा.
तासभर एकच पान उघडं,
मान वळवून वळवून खिडकी शोधतो.
काकांनी त्यालाही भिंत दाखवली असणार.

रविवारी मंडईत गेले.
पाव किलो चिंच घेतली.
"फोडलेली देऊ?" मावशींनी विचारलं.
नको म्हटलं,
चिंचोक्यांसकट द्या.