भागाकार

साखरी नाटे, वीस जून. मासेमारी बंद.
नौका वर ओढलेल्या, निळ्या प्लास्टिकखाली गप्प,
आणि सोसायटीच्या माडीवर मी
बारा मोसमांचा हिशेब
जुन्या पायथनमधून नव्यात आणते आहे.

जुनी भाषा मेली म्हणतात.
मुश्ताक बहरीनला गेला तेव्हा ती या डबड्यात राहिली
आणि कुणाला न सांगता रोज संध्याकाळी
वाटे पाडत बसली.
डबडंच आता दोनदा कुथून मग चालू होतं.

पहिली नोंद उघडली : सफिना.
पाच खुणांचं नाव पंधरा तुकड्यांत आलं,
टोप्या घातलेली, शेपट्या लावलेली परकी अक्षरं.
मी घाबरले, मग मोजले :
पंधराच्या पंधरा जागेवर.
हरवलं काहीच नव्हतं,
मीच चुकीच्या लिपीत हाक मारत होते.
एक शब्द बदलला.
सफिना तरंगली.

मुश्ताकच्या फाईलचं नाव ‘हिशेब_नवा_खरा’.
मला हसू आलं, मी ते बदललं,
तर चौदा हजार नोंदी दारातच अडल्या.
प्रत्येकीच्या पोटात तोच पत्ता लिहिलेला,
त्या घराशिवाय कुठे उतरायचं त्यांना ठाऊक नाही.
मग त्याच नावाची फाईल पुन्हा ठेवली,
आत एकच ओळ : ते आता पलीकडे राहतात.
पोस्टमन रोज हेच करतो,
त्याला कोणी इंजिनीयर म्हणत नाही.

इथवर ठीक होतं.

मग ताळा घेतला, आणि जुळेना.
बांगड्याचे अठरा हजार चारशे पंचावन्न,
निम्मे नौकेचे, निम्मे खलाशांचे.
जुनी भाषा सांगते नऊ हजार दोनशे सत्तावीस.
नवी सांगते तेवढेच, वर आठ आणे.
पुढे अकरा जणांत वाटा :
जुनी प्रत्येकाला आठशे अडतीस देते
आणि उरलेल्या नऊ रुपयांबद्दल बोलत नाही.

कोडमध्ये त्या ओळीशेजारी मुश्ताकची टीप :
‘उरलेल्याचं काय, गनीचाचांना विचारणे’.
विचारलं नसणार.
मी खाली जाऊन विचारलं.
चाचा जाळ्याचं भोक शोधत होते, मान वर न करता म्हणाले,
“वहीत होतं तेव्हा उरलं ते चायला जायचं.
तुझं मशीन चाय पितं काय गो?”

रात्री सगळे मोसम नव्या भाषेत चालवून पाहिले.
बारा वर्षांचं न प्यायलेलं :
एक्केचाळीस हजार दोनशे सहा.
नोंदीगणिक, माणसागणिक.
इस्माईल वस्ता, दोनशे नव्वद, आता नाही.
भीम बहादूर, त्रेसष्ट रुपये,
दोन मोसम आला, मग आला नाही,
पत्त्याच्या रकान्यात फक्त : नेपाळ.

दुरुस्त करणं सोपं होतं.
पण मग तेराच्या दिवाळीत ज्यानं आठशे अडतीस मोजून घेतले,
अंगठा उठवला,
त्याच्या अंगठ्याखालचा आकडा मी बदलायचा?
कागद एक सांगेल, पडदा दुसरं.

म्हणून जुन्या नोंदींपुढे भागाकाराची खूण दोनदा काढली,
जुन्यासारखंच भागायला, जुन्यासारखंच गिळायला.
एकतीस जुलैपर्यंत असंच. एक ऑगस्टपासून पैशांसकट.
आणि उरलेल्याची वेगळी फाईल केली.
तिला नाव काय द्यावं ते सुचेना,
तसंच ‘उरलेलं’ ठेवलं.
चाचांना छापून दिली. त्यांनी चष्मा लावून
पहिल्या पानापासून वाचायला घेतली, अजून वाचताहेत.

एक ऑगस्टला सफिना गेली, तीनला आली.
नव्या यंत्रात पहिली नोंद : निम्मे नौकेचे,
निम्मे खलाशांचे, वर आठ आणे.
तांडेल म्हणाला, दे मग आठ आणे.
मी गल्ला उघडला, चाचांनी खिसे चाचपले,
समोरच्या चहावाल्याकडे एक नाणं निघालं,
तो म्हणाला, ठेवा, हे कोण घेतंय आता.