गेटवरची वही

देवलापारच्या अलीकडे बसमधून उतरले
तेव्हा कंडक्टर म्हणाला, इथं तर काहीच नाही मॅडम.
तेच बघायला आले, हे उत्तर सुचलं,
पण बस गेल्यावर.

गेटवर वही. सुतळीला बांधलेला पेन.
नाव : वैजयंती डोर्लीकर. वय : त्रेपन्न.
पाण्याच्या बाटल्या तीन, प्लास्टिकच्या पिशव्या दोन,
तंबू एक, भाच्याचा.
त्याची एक काडी घरी पलंगाखाली राहिली
हे मला तेव्हा माहीत नव्हतं.
संत्री सहा.
"संत्रीही लिहायची?"
"साली वापस आणा लागते," कुमरेबाई म्हणाल्या.
खाकी स्वेटर, कानांना मफलर, वय माझ्या निम्मं.
"वांदरं सवकून राहिले ना."

शेवटचा रकाना :
काही झाल्यास कोणाला कळवायचे.

मेयोच्या प्रयोगशाळेत एकोणतीस वर्षं
मी दुसऱ्यांच्या रक्ताच्या नळ्यांवर नावं चिकटवली.
एकदाही हात थांबला नाही.
इथं थांबला.
मागे हिंगण्याच्या कॉलेजातली पोरं, पाठीवर गाद्या,
"काकू, आटपा ना जी."
मी घरचाच नंबर लिहिला. साधा फोन, धंतोलीचा.
सकाळी मीच कुलूप लावून आले होते त्या घराला.

पायवाट आधी नीट वागते.
सागाची वाळली पानं, प्रत्येक पाऊल
पापडाच्या डब्यात पडल्यासारखं.
मग धावडा, मग सालई, मग नुसते दगड,
आणि वळणावर एकदम कुलूचं झाड,
पांढरंफटक, अंगावर एक पान नाही,
एक्स-रेसाठी श्वास रोखून उभं.
मी त्याला टेकले.
पोरं पुढं गेली, त्यांचा गलका पुढं गेला,
मग नुसता माझाच भाता.
"थांबा, पण बसू नका," मागून कुमरेबाई,
"बसलं का गुडघा भाव खाते."

माथ्यावर तंबू तीनदा पडला.
एका पोरानं फोनवर तंबूचा व्हिडिओ शोधला,
रेंज नव्हती.
कुमरेबाईंनी स्वतःची काठी आत उभी केली,
ज्या काठीनं त्या अस्वलाला हाकलतात म्हणे.
"आणि तुम्ही?"
"अस्वलाले कुठं माहीत, काठी कोणाजवळ हाय ते."

रात्री दक्षिणेला, आभाळाच्या बुडाशी
चहाचा डाग पडावा तसं नागपूर.
आणि त्याच्या अलीकडे कोराडीच्या चिमण्यांवरचे
लाल दिवे, लागत, विझत.
चूल पेटवायला मनाई. थंडी आत शिरलेली,
पायमोज्यांवर पायमोजे.
दूर सांबर ओरडलं, एकदाच, दार आपटल्यासारखं.
मी पडल्या पडल्या विचार करत होते,
समजा सकाळी पाय घसरला.
शोकेसजवळचा फोन वाजेल.
आठ रिंगा. बंद होईल.
कुंडीतल्या तुळशीला कळेल फार तर.
हसू आलं, ते झोपेच्या पिशवीतच राहिलं.
चार संत्री खाल्ली, अंधारात, सोलून सोलून,
साली उशाशी.

उतरताना वहीत वेळ लिहिली : नऊ वीस.
काठी परत केली. साली दाखवल्या.
कुमरेबाईंनी खरंच मोजल्यासारखं केलं.
मग म्हणाल्या, "तुमच्या घरी लावला होता काल सांजेले.
आम्ही लावून पाहतो सगळ्यायचे नंबर,
लोकं काहीही लिहून देतात.
कोणी उचललाच नाई.
म्हटलं, बजारात गेले असतील."

"हो," मी म्हणाले, "बाजारातच."

घरी कुलूप काढलं तेव्हा दुपार.
दिवा न लावताच आत गेले.
फोनशेजारच्या डबीवर लाल ठिपका,
लागत, विझत :
एक फोन आला होता. पाच चाळीस.
म्हणजे मी कुलूला टेकून उभी होते तेव्हा
इथं, या खोलीत,
कोणीतरी माझी चौकशी करत होतं.

नंबर पुसायचं बटण डावीकडे आहे.
मी आधी पाय धुतले.
मग पिशवी उलटी केली. साली,
अजून दवानं ओल्या, थोडी माती,
आणि धावड्याचं एक पान,
जे वहीत लिहायचं राहून गेलं.