बारा पॉइंट सहा

मार्च. समुद्र अजून गोठलेलाच.
त्याच्यावर दोन हजार फुटांवर मी एकटी,
दोघांनी मिळून बांधलेल्या विमानात,
आणि डायलवर काटा : बारा पॉइंट सहा.
चौदा हवे होते.

हे इंजिन बॅटरीवाचून चालतं,
आपली ठिणगी आपणच पाडतं,
हे मला ठाऊक होतं. पोटाला नव्हतं.
रेडिओ बंद केला, दिवे बंद केले,
बुटातली गरम पट्टीसुद्धा बंद केली
(ती विमानाला जोडलेलीही नव्हती)
आणि बर्फावरच्या मासेमारांच्या खोपट्या
एकेक मोजत परत आले.

एकतीस वर्षं मी टेलिफोनच्या तारा दुरुस्त केल्या.
पाणी कुठं मुरतंय ते मला वासावरून कळतं
असं लोकांना सांगत असे.
तरी आधी केलं तेच, जे सगळे करतात :
नवी बॅटरी. बारा पॉइंट सहा.
नवा रेग्युलेटर, दोनशे दहा युरो. बारा पॉइंट सहा.
पैसे संपले की माणूस विचार करायला बसतो.

शेपूट बांधली ट्रॅक्टरच्या आकड्याला,
चाकांपुढे बर्चचे ओंडके,
मीटरच्या वायरी खिडकीतून आत घेतल्या,
इंजिन सुरू, सगळे दिवे चालू.
रेग्युलेटर म्हणतो, चौदा दिले.
बॅटरी म्हणते, मला साडेबाराच मिळाले.
दोघंही शपथेवर, दोघंही खरं.
मधे फक्त वीतभर काळी तार,
अर्थिंगची.
तिच्या दोन टोकांना मीटर टेकवला :
एक पॉइंट चार.
तिथं शून्य असायला हवं होतं, किंवा शून्याच्या शेजारचं काही.

इंजिन निवल्यावर दोन बोटांनी ओढलं.
दुधाचा दात यावा तशी तार लगमधून हातात आली.
भिंगाखाली धरली.
पकडीचे तीन वळ. तीन वेळा दाबलेलं,
एक रबरावर, एक काठावर,
एक जवळजवळ हवेत.

वायरिंग माझं, लाकूड एस्किलचं,
नऊ हिवाळे हीच वाटणी.
त्याच्या हातच्या पंखाच्या फासळ्या
दिव्यासमोर धरल्या तर केसाइतकी फट दिसायची नाही.
फक्त नवव्या हिवाळ्यात माझा खुबा बदलला
आणि तीन तारा त्यानं जोडल्या.
त्याच हिवाळ्यात तो कॉफी अर्धाच कप घेऊ लागला होता.
डावा हात सदा खिशात.
मी म्हटलं होतं, थंडी वाजते का रे?
तो म्हणाला होता, हो.

नवा लग. पकड एकदाच, कच्चकन.
ओढून पाहिलं, पुन्हा ओढून पाहिलं.
मग उरलेल्या दोनही तारा बदलल्या,
त्या ठीक असूनसुद्धा. नाही, एक ठीक होती.

रात्री त्याचा फोन, वासाहून, मुलीच्या घरून.
"काय निघालं?"
"रंग," मी म्हटलं. "अर्थिंगच्या प्लेटखाली रंग राहिला होता.
माझीच चूक."
तो गप्प.
टेलिफोनच्या माणसाला गप्पपणाचे प्रकार कळतात :
तुटलेल्या लाइनचा वेगळा,
पलीकडं कुणी श्वास घेत असेल त्याचा वेगळा.
"रंग मी स्वतः खरवडला होता, राइली," तो म्हणाला,
"तुझ्या खाटेवर पॉलिश पेपर आणून दाखवला होता."

आता वाऱ्याबद्दल काही बोलावं,
की धावपट्टीवरच्या बर्फाबद्दल,
मी शोधत राहिले.

"बरं," तोच म्हणाला, "आता किती दाखवतो?"
"चौदा पॉइंट एक."
"दिवे लावून?"
"सगळे लावून."
"मग रविवारी येतो," एस्किल म्हणाला.
"थर्मास तू धर."