तिसरा खण

नावच माहीत नव्हतं, म्हणून अकरा वर्षं लागली.
खोक्यावर तीन अक्षरं होती. ताई पहिलीत,
तिचं त्यातलं एकच शिकून झालं होतं: पाणी.
एवढ्या भांडवलावर चिगुसाताई
सेंदाईच्या जुन्या बाजारात, मोरिओकाच्या गोदामांत
प्लास्टिकच्या क्रेटांत कोपरापर्यंत हात घालून
पाणी शोधत फिरली.

मी गाडी चालवायचो. लहानपणीही तसंच होतं:
माऊस तिच्या हातात, मी नुसता बोट दाखवणारा.
"किटलीवर मार." ती टिचकी मारी, किटली कण्हायची.
"खिडकीवर." बाहेर बर्फ पडायला लागे,
सहा पांढरे ठिपके, तेच ते सहा, फिरून फिरून.
कॅलेंडरवर मारली की पान उलटे,
पण पुढचा महिनाही नोव्हेंबरच.
आणि ओट्याखाली तीन खण.
पहिल्यात चमचे. दुसऱ्यात सुतळी, अर्धी मेणबत्ती.
तिसऱ्यावर टिचकी मारली की टक्,
आणि खाली एक ओळ उमटे:
अजून नाही.

वसंतात नाही. दुधाचे दात पडले तरी नाही.
बाबांची लाकूडगिरणी बंद पडली,
कॉम्प्युटर मोठ्या कचऱ्याच्या दिवशी
पैसे भरल्याची चिठ्ठी डकवून फाटकाशी ठेवला,
डिस्क आतच राहिली. तोवरही नाही.

"मांजर होतं," मी म्हणायचो. "स्टोव्हजवळ."
"मांजर नव्हतं."
यावर आम्ही बोगद्यांतून भांडलो, टोलनाक्यांवर भांडलो,
एकदा तर पुढ्यातल्या नूडल्स गार होईपर्यंत.
तिचं लग्न मोडलं तेव्हा ती शांतपणे सह्या करून आली.
मांजराच्या बाबतीत मात्र तिचा आवाज चढायचा.

शेवटी खेळ नाही, पत्ता सापडला.
योकोतेच्या एका म्हाताऱ्या छापखानेवाल्याकडे.
खोकी त्यानंच छापली होती, तीनशे.
पैसे निम्मेच मिळाले,
म्हणून पत्ता जपून ठेवलेला.

तोमिए ओनोदेरा. नवरा चित्रं काढायचा,
चार वर्षांपूर्वी गेला.
त्यांनी पायात घालायला सपाता दिल्या, आत नेलं,
आणि ताई स्वयंपाकघराच्या दारातच थिजली.
किटली. खिडकी. कॅलेंडर, बँकेचं, यंदाचं.
ओट्याखाली तीन खण.

"ओढू?" पस्तिशीची बाई, आवाज सात वर्षांचा.
"ओढा की. उघडायचा नाही," ओनोदेरा बाई म्हणाल्या,
"लाकूड फुगलंय. मी लग्न होऊन आले तेव्हापासून.
आत काय आहे ते ह्यांना ठाऊकच नव्हतं,
तर काढणार काय?"

ताईनं ओढून पाहिला. पाय रोवून, दोन्ही हातांनी.
टक्.

मग मी हळूच मांजराचं विचारलं.
"काढलं होतं की. मग काढून टाकलं, डिस्कवर मावेना.
सावली पुसायची राहिली, म्हणून किती दिवस कुरकुरत होते."
ताईनं माझ्याकडे पाहिलं. मी किटलीकडे.

आणि डिस्क? उरल्या होत्या ना, साठ-सत्तर.
बाईंनी परसदार उघडलं.
पर्सिमनच्या झाडाला दोऱ्यांनी टांगलेल्या,
उन्हाबर्फानं चांदी सोलून आरपार झालेल्या,
फळांमध्ये हलत होत्या, कावळ्यांना भिववायला.
"पहिल्या वर्षी घाबरले," बाई म्हणाल्या.
"आता त्यांच्यावरच चोची घासतात."

एक सोडवून घेतली आम्ही. शिवाय बाईंनी बळेच
पिशवीभर पर्सिमन दिले, तुरट, सुकवून खायचे.
परतताना ताई डिस्क डोळ्यापुढे धरून
तिच्यातून रस्ता बघत होती.
चौथ्या बोगद्यानंतर म्हणाली,
"कुठल्या रंगाचं होतं?"

मला काहीसुद्धा आठवत नव्हतं.
"राखी," मी म्हणालो. "एक कान फाटका."