छोटा भोपळा

डॉक्टर कागदावर दोन फुप्फुसं काढतात,
डाव्यावर काट मारतात.
अब्बा चित्र आपल्याकडे फिरवून बघतात.
माप चुकलंय, म्हणतात, उजवं मोठं पाहिजे.
डॉक्टर हसतात. मोठंच आहे तुमचं उजवं,
म्हणून तर विचार करतोय.

काल जिन्याने तीन मजले चढवलं त्यांना
बोटाला चिमटा लावून.
दुसऱ्या मजल्यावर ते कठड्याशी थांबले,
टिचकी मारून म्हणाले, साग नाही हा,
आणि तेवढ्यात दम खाऊन घेतला.
सिस्टरच्या लक्षात आलं नाही.

आता धोके.
शंभरात पाच-सात माणसं महिना काढत नाहीत.
ठोके ताल सोडतात कधीकधी, तो आणता येतो जागेवर.
नळीचं तोंड शिवतो, तिथले टाके सुटले
तर हवा गळते, पू होतो, परत उघडावं लागतं.
आणि उरलेलं एक, त्यालाच न्यूमोनिया झाला तर…
डॉक्टर पेनाला टोपण लावतात.

"सांध्याला काय लावता?" अब्बांचा प्रश्न.
चाळीस वर्षं भोपळ्याला गळा जोडला त्यांनी,
चपडा लाखेचा वास आणि लाकडाचा भुसा
आणि विड्या, विड्यांचं ते सांगत नाहीत.
"आणि मोकळी जागा?"
मोकळी राहत नाही. पाणी भरतं, आळतं,
काळीज थोडं सरकतं त्या अंगाला.

अब्बा गप्प.
मंगळवेढ्याचे भोपळे बिया खरवडून टांगायचे आमच्याकडे,
मी लहान असताना आत तोंड घालून ओरडायचे.
पोकळ आहे तोवर बोलेल, म्हणायचे ते.

संमतीच्या कागदावर नातं विचारलंय.
मुलगी, शमशाद, राहणार सतारमेकर गल्ली, मिरज.
वेळ विचारलीय. भिंतीवरचं घड्याळ बंद होतं.

रात्री त्यांनी तयार सतार मांडीवर घेतली,
वरचा छोटा भोपळा फिरवून काढला,
उपरण्यात गुंडाळून माझ्याकडे दिला.
"प्रवासाला निघाले की काढतातच हा.
ऐक. वाजते की."
वाजत होती.
काय कमी होतं ते मला कळलं, त्यांना तर आधीच.

मग गदगच्या गिऱ्हाइकाला फोन लावला.
तंबोरा तयार आहे, फक्त जवारी राहिलीय,
ती दुसऱ्या कुणाला लावू देऊ नका,
महिनाभर थांबा.
आणि फोनवर हात ठेवून
खोकले.