सोडलेला टाका

हाप्सालूत आता आगगाडी येत नाही.
लाकडी छपराखालचा लांबलचक फलाट तेवढा उरलाय
आणि त्याच्या मागच्या गल्लीत हेल्गीबाई.
दर गुरुवारी मी तिच्याकडे जातो,
लॅपटॉप घरी ठेवून. म्हणजे, ठेवायचा असं ठरवून.
पिशवीत असतोच तो, लोकरीच्या गुंड्याखाली,
झोपेचं सोंग घेतलेल्या पोरासारखा.

माझा एक छोटा प्रोग्राम आहे, फुकट, सगळ्यांसाठी उघडा.
तारखा वाचतो. बस्स.
कुणी कशीही खरडलेली तारीख घेतो
आणि तिला सरळ उभी करतो.
तेरा वर्षं झाली. कोण कोण वापरतं, मला कुठे ठाऊक.
रेसिफेतला एक दवाखाना, ओसाकातली बसकंपनी
आणि एक माणूस, जो रात्री दोनला लिहितो:
"अजून दुरुस्त नाही? लाज कशी वाटत नाही?"
लाज नाही वाटत. झोप येत नाही, एवढंच.

हेल्गीबाईच्या सुया कुणाला उत्तर देत नाहीत.
एका टाक्यातून सात टाके काढायचे,
परतीच्या ओळीत साताचा पुन्हा एक.
त्या गाठीला इथे नुप म्हणतात.
पहिल्या हिवाळ्यात माझे नुप
भिजवलेल्या वाटाण्यांसारखे फुगायचे.
"घट्ट धरतोस," ती म्हणायची,
"पळवून नेतंय का कोणी?"

तिच्या आईची एक शाल आहे, पिवळट, कागदात गुंडाळलेली.
नमुना कुठेच लिहिलेला नाही.
मी भिंग घेऊन बसलो, तीन गुरुवार,
चौकटीच्या कागदावर टाका-टाका उतरवला,
मग यंत्रात भरला. जगात कुणालाही विणता यावा म्हणून.
यंत्रानं लगेच बोट ठेवलं:
ओळ एकसष्ट, डावीकडे, एक टाका कमी.

"चूक होती," मी म्हणालो, जरा फुशारकीनंच,
"दुरुस्त करून टाकली."

तिनं पाव कापायचा थांबवला.
काळ्या पावावर मासळी अर्धवट तशीच.
"त्या रात्री रॉकेल संपलं.
आईनं उरलेली ओळ अंधारात विणली.
सकाळी दिसलं. पण ही लोकर, बाबा,
उसवायला गेलास की तुटते.
मग पुढच्या शालीत तिनं तो टाका मुद्दाम सोडला.
त्याच्या पुढच्याही.
पहिली चूक एकटी पडायला नको म्हणून."

मला वाटलं, आता म्हणेल, माझ्या घरातलं बाहेर नेऊ नकोस.
ती म्हणाली, "दे की सगळ्यांना. माझ्याबरोबर पुरायचंय का ते?
फक्त तेवढा टाका सोड."
आणि मासळी नीट लावून पाव माझ्यापुढे सरकवला.

घरी येऊन मी माझा प्रोग्राम उघडला.
त्यात एक ओळ आहे, अकरा वर्षांपूर्वीची,
ओद्नी नावाच्या बाईनं आइसलँडहून पाठवलेली.
वर तिची टीप: हे काढू नका. कारण विसरले.
या आठवड्यात ती ओळ झाडून टाकायची, असं ठरलं होतं.
काढून पाहिली.
सगळ्या चाचण्या हिरव्या. कुठे काही बिघडलं नाही.
बराच वेळ बसलो. बाहेर खाडी गोठत होती,
बर्फ जुळताना दाराच्या बिजागरीसारखा आवाज येतो.
ओळ परत ठेवली.
का ते मला सांगता येणार नाही.
टिपेखाली मीही लिहिलं: मलाही माहीत नाही. राहू द्या.

दोनच्या माणसाचं पत्र आलंच होतं.
त्याला कळवलं: गुरुवारी मी विणतो.
शुक्रवारी बघतो.
त्याचं उत्तर सकाळी आलं, पहिल्यांदाच दिवसाउजेडी:
"काय विणता?"

चांगली शाल अंगठीतून सुळकन जाते म्हणतात.
हेल्गीबाई स्वतःची काढून देते, बोटाला साबण लावून.
माझी अजून अर्ध्यावर अडकते.
ती ओढत नाही, मीही नाही.
टेबलावर तशीच असते मग,
अर्धी अंगठीच्या अलीकडे, अर्धी पलीकडे,
कॉफी निवेपर्यंत.