खोली नंबर अकरा

मंगळवारी सव्वासातची चाकूर–लातूर.
कंडक्टर आता पास मागत नाही,
"आलास का रे रेवण्या?" एवढंच म्हणतो,
आणि रेवण खिडकीच्या गजाला जीभ लावतो.

शेजारची बाई विचारते, "किती वर्साचं हाय?"
साडेचार.
मग ती गप्प. नजरेनं मोजत जाते
मान, मांड्या, लाळेचा ओला रुमाल.
आष्टामोडला तिचा हिशेब पुरा होतो:
"आमच्या गावाकडं एकजण अंगारा देतंय बघा..."
मी ऐकून घेते.
तीन अंगारे, एक ताईत, एक सोलापूरचा डॉक्टर
माझ्याही नावावर आहेत.

रिक्षा ट्यूशन एरियातून जाते.
भिंतीएवढ्या फलकांवर हसरी पोरं,
प्रत्येकाच्या गळ्याखाली नव्व्याण्णव पॉइंट काहीतरी.
रेवणचेही टक्के आहेत, शिक्क्यासकट.
बोर्डाच्या टेबलामागून तिघांनी त्याला वाकवून, वळवून बघितलं
आणि लिहिलं : पासष्ट.
सासरे कपाळाची विभूती पुसत म्हणाले,
"म्हंजे पस्तीस टक्के बरा हाय की.
पस्तीसला तर पास असतंय."
कुणी हसलं नाही.
रात्री भांडी घासताना मला एकटीलाच हसू आलं,
मग नाही आलं.

क्ष-किरणच्या पुढं, जिन्याखाली, अकरा नंबर.
नुसरत मॅडम चप्पल काढून चटईवर बसतात,
त्याच्या टाचेला हात देऊन
एखाद्या हट्टी झाकणासारखा पाय हळू उघडतात.
रंगीत मणी संपले, नवे मागवलेत, येतील तेव्हा येतील;
तोवर त्यांनी मला घरची ज्वारी आणायला सांगितली.
"अंगठा आणि हे बोट. दाणा उचलायचा. बस, इतकंच."

इतकंच.
त्या दिवशी मी माझी बोटं दिवसभर बघत राहिले :
मीठ सोडताना, सुईत दोरा ओवताना,
याच्याच झबल्याचं बटण लावताना.
मला कुणी शिकवलं होतं?

आज अकरा नंबरला कुलूप.
शिपाई म्हणाला, मॅडमचं कंत्राट संपलं,
नवीन ऑर्डर निघंल तवा निघंल.
दाराशी रेणापूरची एक पोरगी बसलेली,
असेल वीस-एकवीसची, पदरात लेक,
हातात चिठ्ठी, घडीवर फाटत आलेली.
"पहिल्यांदाच आलाव," म्हणाली. "आता काय करावं?"

परतीची बस दोनला होती.
मी फरशीवर टॉवेल पसरला,
ज्वारी काढली, अर्धी मूठ तिच्यापुढं ठेवली.
"अंगठा," मी म्हणाले, "आणि हे बोट."
आवाज मॅडमचा निघाला, माझा मलाच ओळखू आला नाही.

तिची लेक दाण्यांकडं बघून शिंकली.
रेवणनं सगळा हात आपटला, ज्वारी पार जिन्यापर्यंत गेली.
मग हात उलटा करून बघत राहिला :
घामाला एक दाणा चिकटला होता.

चिकटलेला धरायचा का नाही,
मॅडम असत्या तर विचारलं असतं.